जावक रोज चाळीस

नाही, नाही, फोडणार नाही. तुम्ही कितीही आग्रह करा... अहो, पाकीट माझ्या हातात आहे, रक्त माझं आहे, त्यातली साखर माझी आहे, सगळं मान्य, पण वर नाव कोणाचं आहे? वाचा ना. 'प्रति, डॉक्टर.' झालं तर मग! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या पत्राला आवक क्रमांक, गेलेल्या पत्राला जावक क्रमांक, तारीख, शिक्का, सही, आणि या चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या नावाने आलेलं एक पाकीट मी फोडलेलं नाही. आता निवृत्त झाल्यावर स्वतःच्या साखरेसाठी फोडू? काय म्हणालात, उजेडाकडे धरून बघू? बघितलं. मघाशीच बघितलं. कागद जाड आहे.

माझा नंबर सतरा. आत्ता कुठे अकरावा आत गेलाय, म्हणजे वेळ आहे. आणि आमची ही बाहेर पायरीवर उभी आहे, तिला दवाखान्यातला स्पिरिटचा वास सोसत नाही, म्हणजे मोकळेपणाने बोलताही येईल. ऐका.

तीन महिन्यांपूर्वी मी याच बाकावर बसलो होतो. आत गेलो. डॉक्टरबाई म्हणजे आमच्या धाकट्या पुतणीपेक्षाही लहान, पण चष्मा असा लावतात की समोरच्याला आपोआप उठून उभं राहावंसं वाटतं. त्यांनी रिपोर्ट बघितला, मला बघितलं, पुन्हा रिपोर्ट बघितला, दोघांत रिपोर्ट जास्त आवडला असावा, आणि म्हणाल्या, "काका, तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पूर्णांक चार. वजन चौऱ्याऐंशी. गोळ्या आता पुरत नाहीत. तीन महिने देते. साखर साताच्या आत आणा, वजन सहा किलो खाली आणा. नाहीतर रोज सुई."

सुई! आता मला सांगा, चौतीस वर्षं मी कागदांना दाभण टोचलं. फायलीत कागद ओवायचे तर टोचावंच लागतं, कोपऱ्यात भोक, भोकातून दोरा. एका कागदाने कधी हूं की चूं केलं नाही. पण मी कागद आहे का? मी तसं विचारलंही. तर डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका हो. हिशेब अगदी सोपा आहे. आवक जास्त, जावक कमी. एवढंच."

एवढंच! माझ्याच टेबलाचं नाव घेऊन मलाच शिकवणी! अहो, आवक-जावक म्हणजे काय हे जगात कोणाला ठाऊक असेल तर ते मला. लोकांना वाटतं, आलेलं पत्र एका दाराने येतं, दुसऱ्या दाराने जातं, येणारं कमी केलं की साठलेलं संपतं. कुठल्या कचेरीत? मला दाखवा ती कचेरी, मी उरलेलं आयुष्य तिच्या पायरीवर काढतो. आमच्याकडे एखाद्या दिवशी दोनशे पत्रं यायची. जावक किती? चाळीस. एखाद्या दिवशी दहाच यायची. जावक किती? तरी चाळीस. उरलेली तीस कुठून? कपाटातून. कपाटात असतंच. माझ्या आधीचे होते तेही चाळीस करायचे, त्यांच्या आधीचेही चाळीस. एकदा मोठे साहेब स्वतः खुर्ची टाकून माझ्या शेजारी बसले, सकाळी दहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत, हातात घड्याळ. मी पाणी प्यायला उठलो नाही, शेजारच्याशी बोललो नाही, शिंक आली तीसुद्धा परत पाठवली. संध्याकाळी साहेबांनी मोजलं. चाळीस. जावक रोज चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. का, ते मला विचारू नका. तो कचेरीचा धर्म आहे.

पण म्हटलं, डॉक्टर आहेत, शिकलेल्या आहेत, आपल्याच भाषेत बोलल्या आहेत, तर त्यांच्याच भाषेत काम करू. घरी आलो, नवी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. केळं एक, आवक क्रमांक चार. चहा बिनसाखरेचा, आवक क्रमांक पाच. शेरा: बेचव. उजवीकडे, बागेला तीन फेऱ्या, जावक क्रमांक एक. शेरा: गुडघा. अशी सुंदर वही तुम्ही बघितली नसेल. आठ दिवस झाले, पंधरा झाले. वजनकाट्यावर उभा राहतोय, चौऱ्याऐंशी. उतरतोय, पुन्हा उभा राहतोय, चौऱ्याऐंशी. चष्मा काढून उभा राहिलो तर आकडाच दिसेना, ते त्यातल्या त्यात बरं वाटलं.

मग एके दिवशी हिने वही वाचायला घेतली. ही वाचते ती माझ्यासारखी नाही, ही तपासते. म्हणाली, "अहो, डब्यातले शेंगदाणे निम्मे झालेत. यात शेंगदाणे कुठे आहेत?"

मी म्हटलं, "ते नोंदीत येत नाहीत."

"का येत नाहीत?"

"ते दस्ती आले."

आता तुमच्यात कोणी कचेरीतला असेल तर त्याला कळलं असेल. दस्ती म्हणजे जे टपालाने येत नाही, माणूस हातोहात आणून देतो. 'जरा एवढं ठेवून घ्या, नंतर बघू.' त्याला क्रमांक नाही, शिक्का नाही, आणि ज्याची नोंद नाही तो कागद आलेलाच नाही, हा तर पहिला नियम. तसंच, टेबलाशी बसून ताटलीत घेऊन खाल्लं ते टपाल. स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या, जाता-येता, ओट्याला टेकून डब्यातून मूठभर घेतलं... ते दस्ती. मी काही फसवत नव्हतो हो! नियमाने वागत होतो. हिने वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'आजपासून दस्ती बंद.' आणि खाली सही केली. संसारात पस्तीस वर्षांत हिने काढलेलं हे पहिलं लेखी परिपत्रक. तोंडी किती निघाली त्याची मोजदाद नाही.

बरं, दस्ती बंद केली. काट्यावर उभा राहिलो. त्र्याऐंशी नऊशे. शंभर ग्रॅम! तेवढा तर माझा पट्टा आहे कमरेचा.

अशा वेळी कोण येणार? मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. पन्नाशीचा आहे, पण अंगात असला घट्ट सदरा घालतो की त्याने श्वास घेतला तर आपल्याला काळजी वाटते. मनगटावर घड्याळ. ते वेळ सांगत नाही, पावलं सांगतं. बसून फार वेळ झाला की थरथरतं, म्हणजे 'उठा'. आमचे साहेबसुद्धा मला कधी 'उठा' म्हणाले नाहीत, उलट 'बसा, काम करा' म्हणायचे. तर हा म्हणाला, "दाजी, तुमचं सगळं चुकतंय. आपले पूर्वज काय वह्या लिहीत होते? ते धावायचे. शिकार करायचे. कंद उकरून खायचे. पाव नाही, भात नाही, साखर नाही. तुम्ही आदिमानवासारखं जगा, महिनाभरात बघा." मी म्हटलं, तो आदिमानव किती वर्षं जगायचा? तर म्हणाला, "तो मुद्दा नाही."

तरी मी केलं. अकरा दिवस केलं. सकाळी तासभर चालायचं, संध्याकाळी तासभर, खायला उकडलेली पानं आणि कंद, आणि मूठभर बदाम तेही मोजून. तिसऱ्या दिवशी मला पावाची स्वप्नं पडायला लागली. नुसता पाव. त्यावर लोणीसुद्धा नाही, स्वप्नातही मी काटकसर करत होतो. पाचव्या दिवशी हात-पाय गार. सातव्या दिवशी मी बागेतल्या माळ्याशी भांडलो, कशावरून तर तो शिट्टी वाजवत होता. नवव्या दिवशी खुर्चीत बसलो तो पेपर पडला तरी उचलायला वाकवेना, पायाने सरकवून वाचला. गाढव मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने, त्यातलं ते शिंगरू म्हणजे मी. अकराव्या दिवशी काटा. एक किलो कमी! मी हिला हाक मारून दाखवलं. पुढचे चार दिवस मी माणसासारखा जेवलो आणि तो किलो पत्ता विचारत घरी परत आला. चौऱ्याऐंशी. ये रे माझ्या मागल्या.

आणि मध्ये आणखी एक प्रकार चालला होता तो सांगायचा राहिला. सुईचं बोलणं झाल्यापासून ही रोज दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. एकदा डोकावलो. तर हिच्यासमोर एक संत्रं, हिच्या हातात सुई! दवाखान्यातून मागून आणलेली, पाणी भरलेली. संत्र्याला चिमटीत धरायचं, टोचायचं, दट्ट्या दाबायचा, दहा अंक मोजायचे, काढायचं. मी म्हटलं, अगं, मुदत संपायला अजून वेळ आहे, फळांवर का राग? तर म्हणाली, "सराव असलेला बरा." आणि मग ते संत्रं सोललं आणि निम्मं मला दिलं. आवक क्रमांक दोनशे अकरा. शेरा: पाणचट. मी लोकांना सांगत सुटलो, बघा, नवऱ्याला टोचायची संधी मिळणार म्हणून बायका कशा उत्साहाने तयारीला लागतात... मेहुण्याला सांगितलं. तो हसला नाही. त्याचं पुढे सांगतो. कितवा गेला आत? तेरावा? बरं.

तर मी गेलो वाचनालयात. माझी एक सवय आहे, काही कळेनासं झालं की मी वाचनालयात जातो, तिथे गेल्यावरही कळत नाही, पण न कळणारे आणखी चार जण भेटतात. तिथल्या ग्रंथपालबाई पुस्तक देताना असं बघतात की आपण ते खाणार आहोत. मी म्हटलं, माणूस खातो, चालतो, तरी वजन जागचं हलत नाही, यावर काही आहे का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणजे वर आणि खाली फारसं नाही, मध्येच जास्त वेळ, आणि एक जाडजूड पुस्तक काढलं. म्हणाल्या, "दोन किलोचं आहे. नेता-आणता तेवढाच व्यायाम."

तुम्हाला सांगतो, त्या पुस्तकाने माझे डोळे उघडले. जगाच्या एका कोपऱ्यात अजून काही लोक शेती करत नाहीत, दुकानात जात नाहीत. बायका कठीण जमिनीतून काठीने कंद उकरतात, पुरुष धनुष्यबाण घेऊन मैलोन्‌मैल चालतात, झाडावर चढून मध काढतात. म्हणजे मेहुणा जे घड्याळ लावून करतो ते हे लोक पोटासाठी करतात. तर शास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिले. म्हणाले, ही माणसं दिवसाला किती शक्ती जाळतात ते मोजू. कसं मोजलं? माणसाला एक खास पाणी प्यायला द्यायचं आणि मग पुढचे काही दिवस त्याची लघवी बाटल्यांत गोळा करायची. हसू नका! प्रत्येक बाटलीवर क्रमांक, तारीख, नाव. मी ते पान दोनदा वाचलं. आवक पाणी, जावक बाटली. याला म्हणतात नोंदवही! आमच्या कचेरीत अशी शिस्त असती तर... असो, कचेरीत नको.

आणि निघालं काय? दिवसभर रानात वणवण करणारा तो माणूस आणि खुर्चीत बसून शिक्के मारणारा त्याच वजनाचा माणूस, दोघांचा दिवसाचा खर्च जवळजवळ सारखाच! मी पुस्तक खाली ठेवलं. उठलो. खोलीत एक चक्कर मारली. हिला म्हटलं, अगं, कळलं! ही म्हणाली, काय? मी म्हटलं, शरीर कारकून आहे! जावक रोज चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. तुम्ही त्याला पळवा, त्याच्या शेजारी घड्याळ घेऊन बसा, मेहुण्याला बोलवा, ते संध्याकाळी चाळीसच दाखवणार. आवक कमी केली तर? कचेरीत काटकसरीचं परिपत्रक निघतं तसं करतं, पंखे बंद, दिवे बंद, वरच्या मजल्यावर जाऊ नये. म्हणून माझे हात-पाय गार! म्हणून मी माळ्यावर ओरडलो! आणि हे पोट... हे काय आहे? कपाट! प्रलंबित कागदांचं कपाट. शरीराला विचारा, हे काढून टाकू का? ते म्हणतं, राहू द्या, पुढे-मागे लागेल, दुष्काळ पडला तर? अहो, चौतीस वर्षं मीही हेच सांगत होतो. माझ्या कपाटात माझ्या जन्माच्या आधीचे कागद होते.

आता तुम्ही म्हणाल, मग चालायचं कशाला? मीही तेच म्हटलं. मेहुण्याला फोन करून म्हटलं, मेहुणे, घड्याळ काढा, शास्त्र माझ्या बाजूने आहे. तर ही मागून म्हणाली, "पुढचं प्रकरण वाचलंत का?" हिने वाचलं होतं! मी झोपल्यावर दुपारी वाचत होती. खूण घातली होती, संत्र्याच्या सालीची.

पुढच्या प्रकरणात वानरं. आपले जवळचे नातेवाईक. त्यांचा दिवस ऐका. उठायचं, खायचं, बसायचं, एकमेकांच्या अंगातल्या उवा बघायच्या, पुन्हा खायचं, पुन्हा बसायचं, झोपायचं. दिवसाला फार तर दोन-तीन किलोमीटर चाल, तीही कुरकुरत. पिंजऱ्यात तर तेवढीही नाही. आणि साखर? नाही. पोट? नाही. छातीत कळ? नाही. मी म्हटलं, हा अन्याय आहे! चौतीस वर्षं मी हेच केलं, उवा सोडून, तर मला आठ पूर्णांक चार आणि त्याला काही नाही?

तर म्हणे, काही लाख वर्षांपूर्वी आपल्यातला एक जण उठला. लाखो... वीस लाख वर्षं म्हणतात. बाकीचे बसले होते, हा उठला आणि लांब चालत गेला, शिकारीला, कंदाला. आणि आणलेलं एकट्याने खाल्लं नाही, घरी आणून वाटून घेतलं. वानर वाटून घेत नाही बरं का, माणूस घेतो. त्या जादा अन्नावर आपला मेंदू वाढला. हा मेंदू बसल्या जागी शरीराच्या खर्चाचा पाचवा हिस्सा खातो, काही जणांचा नुसता खातो. आणि मेंदू उपाशी राहू नये म्हणून चरबीचं कपाट आलं, वानरापेक्षा मोठं. पण मेख कुठे आहे बघा. शरीराने गृहीत धरलं की हा माणूस रोज चालणार. सगळी यंत्रणा त्या हिशेबाने लावली. झालं! कचेरीत नाही का, एखादा उत्साही माणूस एक दिवस उशिरापर्यंत थांबतो आणि मग तो सगळ्यांना नियम होतो? बाकीचे त्याला जन्मभर शिव्या घालतात. तसा हा. वीस लाख वर्षांपूर्वी उठला तो, अर्ज ना विनंती, आणि बागेला फेऱ्या मारतोय मी!

मी हिला म्हटलं, ते ठीक, पण खर्च तर चाळीसच राहतो ना? मग चालल्याने होतं काय? ही म्हणाली, "तुमच्या कचेरीने जागा बदलली ते वर्ष आठवा."

आणि तुम्हाला सांगतो, मला आठवलं. ते असं झालं होतं. आमची कचेरी जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत गेली तेव्हा तीन महिने सगळ्यांना जादा काम, कपाटं हलवा, गठ्ठे बांधा, चार मजले चढा-उतरा. जादा माणूस एक नाही दिला. आणि जावक? चाळीसच! मग ते जादा काम निघालं कशातून? एरवी आमच्याकडे काय चालायचं, तर याने त्याच्याविरुद्ध निनावी अर्ज करायचा, त्याने याच्याविरुद्ध, कोणाचं टेबल खिडकीजवळ, कोणाचा पंखा कोणी पळवला... आठवड्याला पाच निनावी अर्ज मी स्वतः आवकला घ्यायचो, त्यांतल्या तिघांचं अक्षर मला ओळखता यायचं. त्या तीन महिन्यांत एक अर्ज नाही! भांडायला त्राणच उरलं नव्हतं कोणाला. माणसं इतकी निरोगी मी कधी बघितली नाहीत. आणि काम संपलं, सगळे पुन्हा बसले, तसे सोमवारी सकाळी सात अर्ज.

पुस्तकात हेच आहे. माणूस बसून राहिला की शरीर उरलेली शक्ती आतल्या आत भांडायला वापरतं. नसलेल्या शत्रूवर चाल करायची, जरा काही झालं की धोक्याची घंटा, इकडे सूज, तिकडे दाह. निनावी अर्ज! चालायला लावलं की चाळीसांतले काही कागद तिकडे जातात आणि भांडण कमी होतं. वजन हलत नाही, पण आतला कारभार सुधारतो. खाण्याचं खातं वेगळं, चालण्याचं वेगळं. आम्ही येडे दोन्ही एकाच वहीत लिहीत होतो.

म्हणून मी पुन्हा चालायला लागलो. पण खरं सांगू? म्हणून नाही.

ते मेहुण्याचं राहिलं होतं ना. मी त्याला संत्र्याचं सांगितलं, नवऱ्याला टोचायची हौस वगैरे, आणि तो हसला नाही म्हटलं. तो घड्याळाशी चाळा करत राहिला, मग म्हणाला, "दाजी, बाबांना सुई लागायची, रोज सकाळी. आईचा हात थरथरायचा. मला तर बघवायचं नाही, मी मागच्या दाराने पळायचो. ताई अकरा वर्षांची होती. शाळेचा गणवेश घालून, ती काचेची सुई पातेल्यात उकळून, बाबांना टोचून मग शाळेत जायची. सहा वर्षं."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, हिला स्पिरिटचा वास आवडत नाही, काही लोकांना नाही आवडत. मी घरी आलो. ही स्वयंपाकघरात होती, दार लोटलेलं. मी फटीतून बघितलं. सुई आत जाताना हात अगदी स्थिर, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. संत्र्यातून बाहेर काढल्यावर मात्र तो हात तिने दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला होता. मी बूट घातले आणि बाहेर पडलो. म्हटलं, साठीच्या पुढे आपण कोणाला फार काही देऊ शकत नाही, पण हा एक कागद तरी पुन्हा हिच्या टेबलावर जाऊ नये.

तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. गुडघा बोलला, मी ऐकलं नाही. दस्ती बंद, वाढलेलं तेवढंच खायचं, दोघांत एक संत्रं, आता न टोचलेलं. आणि आज सकाळी काट्यावर उभा राहिलो. सांगू किती? त्र्याऐंशी सातशे. तीन महिन्यांत तीनशे ग्रॅम. डॉक्टरबाईंना हवे होते सहा किलो. आणि हे पाकीट... यात काय आहे ते यालाच ठाऊक. मला काही खात्री वाटत नाही, पुस्तकातलं पुस्तकात असतं, माझं शरीर माझ्यासारखंच आहे, त्याच्या मनात आलं तर ते...

सतरा? हो, मीच. आलो, आलो. जरा ही पिशवी बघाल? छत्री आहे आणि एक संत्रं आहे. ही आत डोकावली तर सांगा, आत गेलेत म्हणून. नाही, काही सांगू नका.

आहात का अजून? बरं झालं. बसतो जरा. पिशवी द्या इकडे.

डॉक्टरबाईंनी आधी वजन केलं. काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, त्यांच्या चष्म्याकडे बघून मी आपोआप ताठ उभा राहिलो. म्हणाल्या, "काका, तीन महिन्यांत काय केलंत?" मी म्हटलं, चाललो. म्हणाल्या, "हे चालणाऱ्याचं वजन आहे?" मी वही पुढे केली. तीनशे पानी. त्यांनी चाळली, मध्येच एका ठिकाणी थांबून विचारलं, "दस्ती म्हणजे काय?" मी सांगितलं. खूप हसल्या. मग त्यांनी पाकीट फोडलं. नाकासमोर धरलं. हसणं थांबलं.

तेवढा वेळ... तुम्हाला सांगतो, मी मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलोय, चौकशीसमितीसमोर उभा राहिलोय, पण एवढा वेळ कधी गेला नाही. मी आपला भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिलो.

म्हणाल्या, "सहा पूर्णांक नऊ."

मी म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, "म्हणजे साताच्या आत. वजन तसंच राहिलं आणि साखर उतरली. गोळ्या चालू ठेवा. सुई नको." मी म्हटलं, बाई, हे शेवटचं वाक्य लिहून द्याल का? त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नव्हतो. बाहेर एक माणूस पायरीवर उभा आहे, त्याला तोंडी सांगितलेलं पटत नाही, लेखी लागतं. हा बघा कागद. 'सुई नको.' खाली सही, शिक्का. काय सुंदर शिक्का आहे! जरासुद्धा पुसट नाही.

हे दाखवून येतो तिला आणि मग हे संत्रं पायरीवरच सोलतो. आत डॉक्टरांसमोरून उठलो होतो मी, बरं का, दारापर्यंत आलो होतो. मग म्हटलं, एक विचारून घ्यावं. म्हटलं, डॉक्टर, आता हे चालणं किती दिवस? तीन महिन्यांची मुदत होती, ती संपली. तर मान वर न करता म्हणाल्या, "आता कायम."

कायम! कचेरीत मी चिकटलो तेव्हा कायम व्हायला मला सहा वर्षं लागली होती, चार अर्ज, दोन साहेब आणि एक गोपनीय अहवाल. इथे तीन महिन्यांत कायम! आणि या नोकरीत रजा नाही, बदली नाही, निवृत्ती तर नाहीच नाही. वीस लाख वर्षांपूर्वी जो उठला त्याच्या रिकाम्या जागेवर माझी नेमणूक झाली म्हणायची. बरं, काम तरी किती, ते कागदाच्या तळाशी लिहिलंय. थांबा, चष्मा... नाही, तुम्हीच वाचा, मला खरं वाटणार नाही.

'चालणे, मिनिटे: रोज चाळीस.'